तुमची जागा कायद्याने कारखाना ठरते का, आणि इमारत कोणत्या वर्गात मोडते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चाकणजवळ, एमआयडीसीच्या हद्दीबाहेर तुमची स्वतःची जागा आहे. पुढे तळ अधिक एक मजला अशी आरसीसी इमारत, मंजूर नकाशात ती ‘राहती’ आहे. तळमजल्यावर तीन सीएनसी (संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं) आणि दोन पॉवर प्रेस, वरच्या मजल्यावर तपासणी आणि पॅकिंग. मागे ६० बाय ४० फुटांचं पत्र्याचं शेड, त्यात पावडर कोटिंग (धातूवर कोरड्या रंगाची पावडर उडवून ती भट्टीत भाजणं) आणि गॅसवर चालणारी भट्टी. पगारपत्रकावर १३ माणसं, कंत्राटदाराची ६, दोन पाळ्या. दिवाळीआधी दोन महिने पॅकिंगला रोजंदारीवर आणखी ५ बायका येतात. सल्लागार म्हणाले, ‘नव्या कायद्यात वीसची अट आहे, तुम्ही एकोणीस, विषय संपला.’ आता ग्राहक कंपनीने ऑडिटमध्ये फॅक्टरी लायसन्स आणि फायरचे कागद मागितलेत, आणि तुम्ही विचारताय, ‘आमची इमारत फॅक्टरी आहे की नाही?’

यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. कामगारविषयक कायदा पाहतो ती जागा, तिथली प्रक्रिया आणि माणसांची संख्या. इमारत कशाची, किती मजली, पत्र्याची की स्लॅबची, यावर ‘कारखाना’ हे नाव अवलंबून नसतं. बांधकामाचे आणि आगीचे नियम मात्र इमारतच पाहतात: तिचा वापर काय आणि त्या वापरात धोका किती. एका प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसऱ्याचंही ‘नाही’ येत नाही. सल्लागारांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेही मोजणीत चुकून, आणि दुसरा सोडूनच दिला.

आधी पहिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २(एम) मध्ये व्याख्या होती: जागा आणि तिचं आवार, जिथे मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा जास्त कामगार होते आणि जागेच्या कोणत्याही भागात विजेच्या वा तत्सम शक्तीच्या साहाय्याने उत्पादन प्रक्रिया चालते. वीज नसेल तर वीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले. बाकी व्याख्येचा सांगाडा जवळपास तोच ठेवला. (आकड्यांचा हा खेळ जुना आहे. १८८१ च्या पहिल्या कायद्यात १०० माणसं लागत, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, १९४८ मध्ये १०. आता पुन्हा १९२२ च्या आकड्यावर आलो.)

या व्याख्येतल्या तीन शब्दांवर लोक अडखळतात.

पहिला, ‘जागा आणि आवार’. भिंती आणि छप्पर असलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. अर्देशीर भिवंडीवाला विरुद्ध मुंबई राज्य या १९६१ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे उघड्यावरचं मिठागर होतं, आणि ते कारखान्याच्या व्याख्येत बसतं असं न्यायालयाने ठरवलं. तेव्हा तुमची पुढची इमारत, मागचं शेड, मधलं अंगण, कॉम्प्रेसरची खोली, संडास, गेटवरची केबिन, हे सगळं एकच आवार. ‘शेड वेगळं, इमारत वेगळी’ अशी मोजणी आपोआप होत नाही.

दुसरा, ‘उत्पादन प्रक्रिया’. लोकांना वाटतं, मशीनवर माल कापला तरच उत्पादन. कायद्याची यादी बरीच लांब आहे: बनवणं, दुरुस्त करणं, सजवणं, धुणं, स्वच्छ करणं, तेल देणं, पॅक करणं, मोडीत काढणं, पाणी किंवा सांडपाणी पंप करणं, शीतगृहात माल ठेवणं. म्हणजे वरच्या मजल्यावर पट्टी लावून खोके बंद करणाऱ्या बायकाही उत्पादन प्रक्रियेतच आहेत. त्यांच्या हाताशी एकही मोटर नाही म्हणून त्यांच्यासाठी चाळीसचा आकडा लावता येत नाही, कारण कायदा म्हणतो ‘जागेच्या कोणत्याही भागात’ वीज वापरली तरी पुरे. तळमजल्यावरच्या प्रेसमुळे सगळ्या आवारालाच वीसची अट लागू होते. उलट, नुसते संगणक बसवले आणि उत्पादन काहीच नाही, तर ती जागा कारखाना होत नाही, हेही व्याख्येच्या स्पष्टीकरणात आहे. हॉटेल, खानावळ, खाण, रेल्वेचं रनिंग शेड, सैन्यदलाचं फिरतं युनिट, हे सगळे व्याख्येबाहेर.

तिसरा शब्द ‘कामगार’, आणि तुमचं सगळं गणित इथेच फिरतं. एका दिवसात जितक्या पाळ्या, तितक्या सगळ्यांची बेरीज करायची. एका वेळी आत किती माणसं होती ते नाही. कंत्राटदाराची माणसं धरायची. झाडूपोछा करणारा धरायचा. संहितेत ‘कामगार’ या शब्दात कारकुनी कामही येतं, त्यामुळे तुमचा हिशेबनीस पगारपत्रकावर असेल तर तोही मोजणीत येतो. व्यवस्थापकीय पदावरची व्यक्ती, आणि ठरावीक पगाराच्या वरचा सुपरवायझर (संहितेत हा आकडा महिना १८,००० रुपये आहे) वगळता येतो. मालक स्वतः मशीनवर उभा राहिला तरी तो नोकरीत नसतो, म्हणून तो कामगार नाही.

आता तुमची बेरीज: १३ अधिक ६ म्हणजे १९. इथवर सल्लागार बरोबर. पण दिवाळीआधीच्या ५ बायका ज्या दिवशी आल्या त्या दिवशी २४ झाले, आणि कायदा मागच्या बारा महिन्यांतला ‘कोणताही एक दिवस’ पाहतो. वर्षाची सरासरी काढून इथे भागत नाही. रोजंदारीचं रजिस्टर, कंत्राटदाराची बिलं, गेटची वही, पीएफ-ईएसआयचे चलान, या चार ठिकाणी हा दिवस दिसतोच. त्या १३ मध्ये सूट मिळण्याजोगे दोन-तीन जण निघाले तरी २४ मधून वीसच्या खाली येणं कठीण आहे. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून माझ्या मते तुमची जागा कारखाना आहे.

समजा तुम्ही दिवाळीचं पॅकिंग बाहेर दिलं आणि खरोखर १९ वर राहिलात. तरी विषय संपत नाही. दहा किंवा जास्त कामगार असलेली जागा संहितेत ‘आस्थापना’ म्हणून नोंदवावीच लागते, आणि मालकाची सुरक्षेची कर्तव्यं तिलाही लागू आहेत. दहा ते एकोणीसच्या मधल्या जागांना कारखान्याचा नकाशा-मंजुरी-परवाना हा भाग लागत नाही, एवढाच काय तो फरक. धोकादायक म्हणून अधिसूचित झालेल्या कामाला तर आकड्याची अटच लागत नाही. ज्यांच्याकडे जुनं फॅक्टरी लायसन्स आहे आणि संख्या आता वीसच्या आत आहे, त्यांनी ते घाईने परत करू नये. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मधलं जे संहितेशी विसंगत नाही ते चालू राहतं, आणि दिवाळीसारखा एखादाच दिवस तुम्हाला परत व्याख्येत आणतो.

एक सल्ला तुम्हाला बहुतेक मिळालाच असेल: ‘शेड भावाच्या नावावर वेगळ्या फर्ममध्ये दाखवा.’ दोन वेगळ्या फर्म एका आवारात असू शकतात, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तपासणीला येणारा अधिकारी जीएसटी नंबर बघून थांबत नाही. गेट एक, वीजमीटर एक, तळमजल्याचा माल शेडमध्ये जाऊन परत वर पॅकिंगला येतो, सुपरवायझर दोन्हीकडे तोच, कंत्राटदाराची माणसं सकाळी इथे आणि दुपारी तिथे, तर ते एकच युनिट दिसतं. जुन्या कायद्याच्या कलम ४ मध्ये वेगवेगळे विभाग स्वतंत्र कारखाने म्हणून किंवा दोन कारखाने एक म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला होता, तोही याच गोष्टी लक्षात घेऊन. खरोखर वेगळं करायचं असेल तर भिंत, मीटर, रस्ता, माणसं आणि मालाचे चलान, हे सगळंच वेगळं करावं लागतं. एवढा खर्च करण्यापेक्षा परवाना स्वस्त पडतो.

आता इमारतीकडे वळू. खरी जोखीम तुमची इथे आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) इमारतींचे वापरानुसार गट आहेत: ए म्हणजे राहती, ई व्यवसाय, एफ दुकानं, जी औद्योगिक, एच साठवणूक, जे धोकादायक. औद्योगिक गटाचे पुन्हा तीन भाग. जी-१ म्हणजे आग आपोआप पसरण्याची शक्यता जवळपास नाही असं काम. जी-२ मध्ये आग मध्यम वेगाने पसरेल, धूर बराच होईल, पण विषारी वायू किंवा स्फोटाची भीती नाही. जी-३ मध्ये आग फार झपाट्याने पसरेल किंवा विषारी धूर, स्फोट यांची भीती आहे. वर्ग बदलला की बाहेर पडण्याचं अंतर, भिंतींची अग्निरोधक क्षमता, पाण्याची व्यवस्था, सगळं बदलतं. उदाहरणार्थ, जी-१ आणि जी-२ मध्ये कामाच्या जागेपासून बाहेरच्या सुरक्षित दारापर्यंत ४५ मीटर चालावं लागलं तरी चालतं. जी-३ मध्ये ते अंतर २२.५ मीटर.

तुमच्या तळमजल्यावरचं मशीनिंग एकटं असतं तर खालच्या धोक्याच्या वर्गात बसलं असतं. प्रश्न शेडचा आहे. पावडर कोटिंगची पावडर म्हणजे बारीक दळलेलं प्लॅस्टिक. हवेत दाट उडाली आणि ठिणगी मिळाली तर ती पेटते, बंदिस्त जागेत स्फोटासारखी. बूथचा सायक्लोन (हवेतली पावडर ओढून वेगळी करणारं यंत्र) आणि फिल्टर नीट असेल तर हवेतलं प्रमाण कमी राहतं, पण बूथबाहेर निसटलेली पावडर पत्र्याखालच्या कैच्यांवर (छत पेलणाऱ्या सांगाड्यावर) साचते. कैचीच्या वरच्या अंगाला बोट फिरवून पाहा. बोटाला रंग लागला तर फायर अधिकाऱ्यालाही तो लागणार. त्यातच गॅसची भट्टी. हा भाग जी-३ च्या नजरेने पाहिला जाण्याची शक्यता धरून चाला. अंतिम वर्ग फायर विभाग ठरवतो, आणि तो बूथची रचना, पावडरचा साठा आणि भट्टीचं अंतर यांवर अवलंबून असतो. एकाच इमारतीत दोन वर्ग असतील आणि मध्ये ठरावीक क्षमतेची अखंड अग्निरोधक भिंत नसेल, तर कडक वर्गाचे नियम सगळ्याला लावले जातात. तुमचं शेड इमारतीला टेकलेलं असेल आणि मधल्या भिंतीला ट्रॉली जाण्यासाठी फोडलेलं दार असेल, तर त्या दारामुळे तुमची पुढची इमारतही वरच्या धोक्यात ओढली जाते. तिथे आपोआप बंद होणारा अग्निरोधक दरवाजा बसवणं हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

गॅस किती ठेवता तेही मोजा. एलपीजीचा एकूण साठा १०० किलोच्या वर गेला की साठवणुकीचा परवाना लागतो. तो देणाऱ्या ‘पेसो’चं (स्फोटकं आणि ज्वलनशील वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की तुम्ही हद्द ओलांडलीत, मग तो रिकामा आहे की भरलेला यावर वाद घालत बसावं लागतं.

आता राहत्या इमारतीचा मुद्दा. मंजूर नकाशात ‘राहती’ लिहिलेली इमारत उद्योगाला वापरणं हा वापरातला बदल आहे. एमआयडीसीबाहेर तुमच्याकडे एकीकृत विकास नियंत्रण नियमावली (युडीसीपीआर) लागू होते. एमआयडीसीच्या हद्दीत असता तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी स्वतःच असती. राहत्या झोनमध्ये फक्त छोटे सेवा उद्योग चालतात, तेही हॉर्सपॉवर, माणसं आणि क्षेत्र यांच्या मर्यादेत. दोन पॉवर प्रेस आणि भट्टी त्यात बसवणं अवघड आहे. म्हणून सगळ्यात आधी झोन दाखला (तुमची जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे ते सांगणारा कागद) काढा. औद्योगिक झोन असेल तर वापर बदलून सुधारित नकाशा मंजूर करून घेता येतो. राहता झोन असेल तर पुढचा सगळा खर्च करण्याआधी थांबा, कारण एमआरटीपी कायद्याच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकामाबद्दलची नोटीस आली तर फॅक्टरी लायसन्स त्यापासून वाचवत नाही.

कागद बाजूला ठेवला तरी स्लॅबचा प्रश्न उरतोच. राहत्या मजल्याचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो चल भार (माणसं आणि सामान यांचं वजन) धरून काढलेला असतो. भारतीय मानक ८७५ (भाग २) प्रमाणे औद्योगिक मजल्याला मशीन नसलं तरी २.५ किलोन्यूटन, हलकं मशीन असेल तर ५, मध्यमला ७ आणि जडला १० धरावे लागतात. गोदामासाठी तर साठ्याच्या दर मीटर उंचीला २.४ आणि कमीत कमी ७.५. आता तुमच्या वरच्या मजल्याचा हिशेब करा. ४० बाय ३० सेंटिमीटरचा क्रेट, त्यात २५ किलोचे स्टीलचे जॉब, चारची थप्पी. १०० किलो ०.१२ चौरस मीटरवर, म्हणजे त्या ठिकाणी चौरस मीटरला ८०० किलोच्या वर. एक थप्पी काही करत नाही. भिंतीलगत नऊ-दहा थप्प्यांची रांग आणि दिवाळीचा साठा आला की स्लॅबच्या मध्यभागी खालून बारीक तडे दिसू लागतात. खाली प्रेसचे धक्के चालू असतातच. कारखान्याच्या परवान्यासाठी जे स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागतं ते हेच तपासायला असतं, पण पुष्कळदा इंजिनीयरला रिकामा मजला दाखवून सही घेतली जाते. तसं करू नका. वरचा साठा खाली आणा, थप्पी दोनवर ठेवा आणि कुठे काय ठेवणार ते नकाशावर दाखवून सर्टिफिकेट घ्या.

जागा माणसांना पुरते का, तेही पाहा. १९४८ च्या कायद्यात दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा लागे, आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची मोजणीत धरली जात नसे. नव्या कामगार संहितेने असे आकडे नियमांवर सोपवलेत. आखणी करताना मी अजूनही हाच धरायला सांगतो. तुमचं शेड २२३ चौरस मीटरचं आहे, गुणिले ४.२, भागिले १४.२, म्हणजे ६५ माणसं. तिथे अडचण नाही. वरचा मजला हजार चौरस फूट आणि घरासारखा २.९ मीटर उंच असेल, तर २६९ घनमीटर, म्हणजे १८ माणसं. दिवाळीत तिथे नेहमीचे अधिक पाच बसवताना ही मर्यादा जवळ येते का ते पाहा.

प्रदूषण मंडळाचा रंग (लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा वगैरे) हे आणखी एक वर्गीकरण, आणि तेही स्वतंत्र. नुसतं पावडर कोटिंग आणि त्याआधीची धातू स्वच्छ करायची सात टाक्यांची प्रक्रिया यांत फार फरक आहे. गंज काढायची आम्लाची टाकी आणि फॉस्फेटिंग असेल तर सांडपाणी निघतं, संमतिपत्र आणि प्रक्रिया संयंत्र आलंच. तुम्ही टाक्यांचा उल्लेख केलेला नाही. असतील तर नकाशात दाखवायला विसरू नका. महावितरणचं इंडस्ट्रियल बिल किंवा उद्यम नोंदणी यांवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. ते कागद ऑडिटरपुढे ठेवून उपयोग नाही.

कामाचा क्रम असा धरा. झोन दाखला आणि मंजूर नकाशाची प्रत आधी. मग मोजमाप करून आहे तशा जागेचा एकच नकाशा काढून घ्या: शेजारच्या इमारती, रस्ता, गटार, प्रत्येक मशीन, मशीनभोवतीची मोकळी जागा, जिना, दारं आणि ती कुठल्या बाजूला उघडतात, पोटमाळा असेल तर तोही. हाच नकाशा नियोजन प्राधिकरणाकडे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि फायरकडे जाऊ द्या. अर्ज अडकतात ते बहुतेक याच कारणाने: एका नकाशात शेड ‘गोदाम’, दुसऱ्यात ‘कोटिंग विभाग’, तिसऱ्यात शेडच नाही. रोलिंग शटरला बाहेर पडण्याचं दार म्हणून दाखवू नका. शेजारी बाहेर उघडणारं साधं दार लागतं.

फायरच्या कागदांबद्दल ग्राहक कंपनी बहुधा दोन गोष्टी विचारेल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सीने यंत्रणा बसवल्याचा नमुना ‘अ’, आणि ती चालू स्थितीत असल्याचा नमुना ‘ब’, जो दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. यंत्रणा कोणत्या वर्गासाठी बसवायची हे ठरल्याशिवाय एजन्सीला पैसे देऊ नका. राहती इमारत समजून आग विझवण्याचे चार सिलिंडर टांगून दिलेला नमुना ‘अ’ शेडला लागू पडत नाही. झोन दाखल्यात काय निघालं, शेड इमारतीला टेकलेलं आहे का आणि टाक्या आहेत का, हे इथे लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.